एअर जॉर्डन १: दिसायला राजा, कोर्टवर म्हातारा

बास्केटबॉलपटू मायकेल जॉर्डन २००३ मध्ये कायमचा निवृत्त झाला. नाइकीने त्याच्या नावाने काढलेला १९८५ चा हा बूट, एअर जॉर्डन १, मात्र अजून खपतोच आहे. पायाचं हाड मोडून ६४ सामने हुकल्यावर, २० एप्रिल १९८६ ला बोस्टनमध्ये त्याने ६३ गुण ठोकले ते याच बुटात. (त्याचा संघ शिकागो तरी हरलाच, दोनदा जादा वेळ खेळून.)

आज यात खेळायचं? नकोच. हवेची पातळ पिशवी फक्त टाचेत, पंजाखाली नुसतं रबर. रीबाउंड (हुकून परतलेला चेंडू) उडी मारून घेऊन पंजावर उतरलात की हादरा थेट गुडघ्यात. चामडं जाड, त्यामुळे बोटांच्या सांध्यावर घडी पडतेच. लेस वरपर्यंत आवळली तर घोट्याला काचते, शेवटची दोन भोकं मोकळी सोडा. जीन्सवर मात्र तोड नाही.