जुन्या कॅसेटी संगणकात उतरवायचा सेट: काही महिने वापरल्यानंतर

सेट साधाच आहे. डॉल्बी बी (फितीचा हिस, म्हणजे सतत येणारी सरसर, कमी करणारी सोय) असलेला सेकंडहँड सिंगल कॅसेट डेक, बेहरिंगर यूसीए २०२ हा खिशात मावणारा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (डेकचा आवाज आकड्यांत बदलून लॅपटॉपला देणारी डबी), आरसीए केबलची एक जोडी, लॅपटॉप आणि आवाज भरण्याचं आणि दुरुस्त करण्याचं, फुकट मिळणारं सॉफ्टवेअर ऑडॅसिटी. यावर काही महिने तऱ्हेतऱ्हेच्या कॅसेटी चालवून झाल्या: कंपन्यांच्या छापील, रेडिओवरून घरी भरलेल्या आणि मैफलीत टू-इन-वन समोर ठेवून घेतलेल्या. मत आधीच सांगतो. पैसा आणि वेळ डेकच्या यांत्रिक भागांवर घाला. इंटरफेस किती बिटचा आणि सॉफ्टवेअर किती भारी, याने जेवढा फरक पडतो त्याच्या कितीतरी पट फरक नवा बेल्ट आणि नीट लावलेलं हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) पाडतं.

कामाला लागण्याआधी उतरवायचं काय ते ठरवा, कारण ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटं लागतातच, शिवाय वर तेवढाच वेळ साफसफाई आणि नावं घालण्यात जातो. भारतात ध्वनिमुद्रण १९०२ पासून चालू आहे, पण कॅसेट येईपर्यंत ध्वनिमुद्रण करणं हे कंपनीचं आणि आकाशवाणीचं काम होतं. स्पूलचा टेपरेकॉर्डर मोजक्याच घरांत असे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं मिळत. म्हणून नाट्यपद काय किंवा ख्याल काय, तेवढ्यात बसवून गावा लागे. एलपीने एका बाजूला २० ते २५ मिनिटं दिली. फिलिप्सने १९६३ मध्ये आणलेल्या कॅसेटने पहिल्यांदाच ऐकणाऱ्याच्या हातात रेकॉर्डचं बटण दिलं, आणि ऐंशीच्या दशकात स्वस्त कॅसेटी आल्यावर ते बटण गावोगावी दाबलं गेलं. गणेशोत्सवातलं गाणं, देवळातलं कीर्तन, घरगुती बैठक, आजीच्या ओव्या हे सगळं फक्त कॅसेटवर आहे, आणि बहुतेकदा एकाच प्रतीत.

त्यामुळे घरी भरलेल्या कॅसेटी आधी घ्या. छापील भावगीतं-नाट्यगीतं बहुतांश स्ट्रीमिंगवर आहेत, आणि पुष्कळदा मूळ मास्टरवरून घेतलेली, म्हणजे आपल्या झिजलेल्या प्रतीपेक्षा चांगलीच. मात्र शोधताना गायकाचं नाव आणि गाण्याची लांबी दोन्ही जुळवून पाहा. तेच गाणं दुसऱ्या कुणी नव्याने गायलेलं बऱ्याचदा वर दिसतं. पुण्याच्या अलूरकर म्युझिक हाऊससारख्या प्रकाशकांच्या शास्त्रीय कॅसेटींची एकेक करून खात्री करावी. स्ट्रीमिंगवर मिळाली नाही तर तीही यादीत घ्यायची.

आता डेक. मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि चोरबाजार, पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, नाहीतर ऑनलाइन जुन्या वस्तूंची विक्री, इथे डेक मिळतात. 'चालू आहे' या शब्दावर जाऊ नका. एक कॅसेट सोबत न्या आणि चार गोष्टी पाहा: प्ले केल्यावर सूर डोलतो का, कॅसेटच्या शेवटच्या पाच मिनिटांतही गती टिकते का, दोन्ही चॅनेल सारखे वाजतात का, आणि हेडवर फितीच्या रुंदीची खाच पडली आहे का. खाच नखाला लागत असेल तर तो डेक सोडून द्या. बाकी सगळं दुरुस्त होतं, झिजलेलं हेड परवडणाऱ्या पैशांत होत नाही. दुहेरी डेकपेक्षा सिंगल डेक घ्यावा, त्याची यंत्रणा सहसा जास्त काळजीने बनवलेली असते. नवे स्वस्त यूएसबी कॅसेट प्लेअर या कामासाठी घेऊ नयेत. त्यांत डॉल्बी नसतं, गती स्थिर ठेवणारं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील, हलकं असल्याने गती थरथरते, आणि आतला कन्व्हर्टर बदलता येत नाही.

सेकंडहँड डेकचा बेल्ट सैल झालेला किंवा वितळलेला असणार हे धरूनच चला. वितळलेल्या बेल्टचा काळा डिंक पुलीवरून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पूर्ण काढावा लागतो. कणभर राहिला तरी नवा बेल्ट तिथे अडखळतो आणि प्रत्येक फेरीला सूर हलतो. माप घ्यायची पद्धत अशी: बेल्टच्या वाटेने सगळ्या पुल्यांभोवती दोरा फिरवून लांबी मोजा आणि नवा बेल्ट त्यापेक्षा सुमारे ५ टक्के लहान घ्या. फार घट्ट घेतला तर मोटरच्या बेअरिंगवर ताण येतो आणि आवाजात घरघर शिरते. कॅपस्टनला (फीत ओढणाऱ्या फिरत्या दांड्याला) चपटा बेल्ट असेल तर चपटाच घालायचा, चौकोनी घालून भागवू नये.

हेड आणि कॅपस्टन ९९ टक्के आयसोप्रोपिलने पुसावेत. फीत कॅपस्टनवर दाबणाऱ्या चाकाच्या, म्हणजे पिंच रोलरच्या, रबराला मात्र साबणाच्या पाण्याने ओलसर केलेला बोळा बरा, अल्कोहोलने रबर हळूहळू कडक होतं. जुन्या कॅसेटी तपकिरी भुकटी सोडतात, त्यामुळे इथे ही साफसफाई दर दोन-तीन कॅसेटींमागे करावी लागली. ती टाळली की आधी वरच्या पट्टीतला आवाज जातो, मग एक चॅनेल मधूनमधून बसतो, आणि शेवटी पिंच रोलर फीत गिळतो.

सगळ्यात जास्त फरक पाडणारी गोष्ट अझिमथ. हेडमधली फट फितीशी बरोबर काटकोनात असली पाहिजे. फीत जेमतेम ३.८१ मिमी रुंद आणि गती सेकंदाला ४.७६ सेंमी, म्हणजे वरच्या स्वरांच्या लहरी फितीवर अतिशय बारीक असतात. कोन किंचित चुकला की त्या एकमेकींना पुसतात आणि आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. गंमत म्हणजे चूक डेकची असेलच असं नाही. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचाच कोन तिरका असेल तर आपल्यालाही तेवढंच तिरकं व्हावं लागतं. हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला स्क्रू असतो, तो अझिमथचा. मूळ जागेवर नेलपॉलिशचा ठिपका द्या. मग कॅसेट वाजवत, आवाज मोनो करून, हेडफोन लावून स्क्रू अगदी थोडा, आठवा भाग फेरा, इकडेतिकडे फिरवा. टाळ, झांज किंवा 'स' आणि 'श' जिथे सर्वांत लख्ख ऐकू येतील तिथे थांबा. स्टीरिओत ऐकून हे नीट कळत नाही; मोनोत दोन चॅनेल मिसळतात आणि चूक लगेच उघडी पडते. स्क्रूड्रायव्हर चुंबकीय नसावा. घरी भरलेल्या कॅसेटींना हे दर कॅसेटला, कधी दर बाजूला करावं लागतं. काम झालं की स्क्रू ठिपक्यावर परत.

डॉल्बीचं बटण अझिमथनंतरच. डॉल्बी बी वरच्या पट्टीतला हिस सुमारे १० डेसिबलने कमी करतं, पण त्यासाठी ते मुळातल्या वरच्या आवाजाच्या पातळीवर अवलंबून असतं. कोन चुकलेला असताना डॉल्बी लावलं तर आधीच दबलेला आवाज आणखी दाबला जातो. कव्हरवर दुहेरी डी-ची खूण असेल तरच लावा. घरच्या कॅसेटींना बहुधा नकोच.

गती तपासायला आपल्या संगीतात आयती सोय आहे: तानपुरा. गाणं किंवा सतार हलती असते, तिथे लहर लपते. तानपुऱ्याचा षड्ज स्थिर असतो, त्यात डोलणं लगेच ऐकू येतं. मैफलीच्या सुरुवातीचा सा आणि बाजू संपतानाचा सा ट्यूनरवर मोजून पाहा. १ टक्का गती चुकली की सूर सुमारे १७ सेंटने (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) सरकतो, आणि ६ टक्क्यांच्या आसपास पूर्ण अर्धा स्वर. बॅटरी उतरत आलेल्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या कॅसेटी आज शेवटाकडे चढ्या सुरात वाजतात, कारण तेव्हा फीत हळूहळू मंदावत गेली होती. अशा वेळी ऑडॅसिटीत सूर आणि लय एकत्र बदलणारी गती-दुरुस्ती वापरा, नुसता सूर बदलणारी नको. पेटीवरून अंदाज बांधताना जपून, कारण जुन्या पेट्या सगळ्या ४४० हर्ट्झला लावलेल्या नसत. फितीवर उतरलेली विजेची ५० हर्ट्झची गुणगुण मोजून गती काढायचा सल्ला परदेशी लेखांत सापडतो. आपल्याकडे त्या काळी ग्रीडची फ्रिक्वेन्सीच वरखाली होत असे, त्यामुळे तो सल्ला इथे बेभरवशाचा आहे.

इंटरफेसबद्दल थोडक्यात. यूसीए २०२ हा १६ बिट, ४८ किलोहर्ट्झपर्यंत जातो आणि त्याला इनपुटची पातळी कमी-जास्त करायची खुंटी नाही. कागदावर हे कमी वाटतं. पण कॅसेटची शांत ते मोठ्या आवाजातली झेप ५० ते ६० डेसिबलची, १६ बिटची ९६. म्हणजे पुरून उरतं. खुंटी नसल्याचा त्रास फक्त खूप कमी आवाजात भरलेल्या कॅसेटींना होतो, आणि ती वाढ नंतर सॉफ्टवेअरमध्ये देता येते. डेकच्या लाइन-आउटमधूनच जोडा, हेडफोनच्या भोकातून नाही. विंडोज कधीकधी याला मायक्रोफोन समजून एकच चॅनेल घेतं. साउंडच्या सेटिंगमध्ये २ चॅनेल, १६ बिट, ४४१०० निवडा आणि आवाज 'सुधारणाऱ्या' सगळ्या सोयी बंद करा. यूएसबी हब मध्ये घालू नका, टिकटिक येते. सलग हम येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून पाहा. हम थांबला तर दोष अर्थिंगच्या फेऱ्याचा आहे, डेकचा नाही.

भरताना सर्वांत मोठा आवाज उणे ६ ते उणे १२ डेसिबलच्या मध्ये ठेवा. शून्याला टेकलेला आवाज परत मिळत नाही. आधी कॅसेट एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे घ्या, वर्षानुवर्षं एका जागी चिकटलेले वेढे मोकळे होतात. मागच्या कडेच्या दोन्ही छोट्या पट्ट्या मोडलेल्या आहेत ना, तेही पाहा, म्हणजे चुकून वर काही भरलं जाणार नाही. १६ बिट ४४.१ ची ९० मिनिटं साधारण ९५० एमबी होतात, फ्लॅक (आवाजातलं काही न गमावता फाइल लहान करणारा प्रकार) केल्यावर त्याच्या निम्म्याच्या थोडं वर. एक फ्लॅक प्रत काहीही न पुसता जशीच्या तशी ठेवा आणि प्रयोग दुसऱ्या प्रतीवर करा.

कारण हिस काढण्याचा मोह फार वाईट. ऑडॅसिटीच्या काही आवृत्त्यांत नॉइज रिडक्शन सुरुवातीला १२ डेसिबलवर असतं. तानपुरा असलेल्या ध्वनिमुद्रणात तेवढं लावलं की जवारीची (तारांच्या झणझणाटाची) झळाळी हिसबरोबर जाते आणि शांत जागी पाण्यात बुडबुडे आल्यासारखे आवाज उरतात. ५-६ डेसिबलच्या पुढे जाऊ नये. बोलण्याच्या, कीर्तनाच्या कॅसेटींना थोडं जास्त चालतं. मिडियम वेव्हवरून भरलेल्या गाण्यांत ५ किलोहर्ट्झच्या वर जवळजवळ काही नसतंच, तिथे त्यावरचा भाग सरळ कापून टाकणं हा जास्त स्वच्छ उपाय.

खराब कॅसेटी. फीत दाबून धरणारी लोकराची चिमुकली गादी गळून पडलेली असेल तर आवाज येतो-जातो. पाच स्क्रूची दुसरी कॅसेट उघडून तिच्या बॉडीत रीळ बसवा. चिकटवून बंद केलेली बॉडी जोडावर ब्लेड फिरवून उघडावी लागते. तुटलेली फीत साध्या सेलोटेपने कधीच जोडू नका, तिचा डिंक पसरून वेढे चिकटतात. स्प्लायसिंग टेप मिळते, ती फितीच्या आतल्या बाजूला लावायची, कारण कॅसेटमध्ये आवाजाचा थर बाहेरच्या बाजूला, हेडकडे असतो. कोकणातल्या आणि मुंबईतल्या कॅसेटींच्या वेढ्यांवर पांढरे ठिपके दिसले तर ती बुरशी. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, हेडवरून ती पुढच्या प्रत्येक कॅसेटला लागते. सिलिका जेलसोबत बंद डब्यात काही दिवस कोरडी करा, तोंडाला मास्क लावून, हाताने गुंडाळत कोरड्या मऊ कापडातून फीत काढा, आणि उतरवल्यावर डेक पुन्हा पुसा. सी-१२० कॅसेटींची फीत इतकी पातळ असते की त्या वेगाने मागेपुढे करणंही धोक्याचं.

स्ट्रीमिंगने एवढं दिलं, पण गाण्याचा तपशील हरवला. एलपीच्या पाठीवर कवी, संगीतकार, साथीदार छापलेले असत. अॅपमध्ये बऱ्याचदा गायकाच्या नावापुढे काही नसतं. आपल्या फायलींत ती उणीव ठेवू नका. राग, ताल, तबला-पेटीवर कोण, नाटक, गाव, साल, आणि कॅसेटच्या कव्हरवर हाताने जे लिहिलं आहे ते शब्दशः टॅगमध्ये घाला, कव्हरचा फोटो सोबत जोडा. फ्लॅकच्या टॅगमध्ये देवनागरी व्यवस्थित राहते. घरातल्या वडीलधाऱ्यांसाठी ३२० केबीपीएसची एमपी३ प्रत पेन ड्राइव्हवर द्या. तो एफएटी३२ मध्ये फॉरमॅट केलेला असावा आणि फायलींच्या नावांआधी ०१, ०२ हे आकडे इंग्रजी अंकांत असावेत. गाड्यांमधले बरेच प्लेअर देवनागरी नावांच्या जागी चौकोन दाखवतात, म्हणून या प्रतीपुरती नावं रोमन लिपीत ठेवा.