वायटांगीची टूर: गाइडला पाच स्टार, टाइमिंगला दोन

न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून एका टूरवाल्याची एका दिवसाची ट्रिप घेतली होती, वायटांगी ट्रीटी ग्राउंड्सची. गाइड माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांपैकी, माणूस एक नंबर. बाकीचे सेल्फीत बिझी, आम्ही चारपाच जण त्याच्या मागेमागे.

६ फेब्रुवारी १८४० ला इथे ब्रिटिश आणि माओरी सरदारांमध्ये करार झाला एवढंच माहीत होतं, पण खरी गोम भाषांतरात आहे. इंग्रजीत ब्रिटनच्या राणीला सार्वभौमत्व दिलंय, माओरीत शब्द 'कावानातांगा' म्हणजे साधारण कारभार बघणं, आणि वर 'तिनो रांगातिरातांगा' म्हणजे खरा अधिकार सरदारांकडेच! हेन्री विल्यम्स नावाच्या मिशनऱ्याने आणि त्याच्या पोराने एका रात्रीत उरकलेलं काम ते. सुमारे ५४० सरदारांच्या सह्या, त्यातले ३९ सोडले तर सगळ्यांनी माओरी मजकुरावर केल्या. म्हणजे सही एका कागदावर आणि राज्य दुसऱ्यावर.

मग गाइडने खाडीपलीकडे बोट दाखवलं, तिकडे कोरोरारेका गावात होने हेके नावाच्या माओरी सरदाराने आणि त्याच्या माणसांनी ब्रिटिशांची झेंड्याची काठी चारदा पाडली, आणि गंमत म्हणजे करारावर पहिली सही त्याचीच. करार मोडल्याच्या माओरींच्या तक्रारी ऐकायला ट्रायब्युनल आलं ते डायरेक्ट १९७५ ला, १८४० पासूनची प्रकरणं घ्यायला अजून दहा वर्षं!

आता तक्रार. म्युझियमला फक्त वीस मिनिटं, का तर ड्रायव्हरला पुढचा लंच स्टॉप गाठायचा होता. जायचं तर स्वतःच्या गाडीने जा आणि अख्खा दिवस ठेवा.