गंगापूरच्या पाण्यावर पाहिलेली बोट हर्णेच्या समुद्रात कशी चालेल?

नाशिकमधल्या एका परिचित दांपत्याने दापोली तालुक्यात पर्यटकांसाठी घर बांधले असून पाहुण्यांना डॉल्फिन आणि सुवर्णदुर्ग दाखवण्यासाठी एक बोट घ्यावी, असे त्यांनी ठरवले आहे. त्यांच्यासमोर दोन फायबरच्या बोटी आहेत. दोन्हींची लांबी नऊ मीटरच्या आसपास आहे आणि दोन्हींत बारा माणसे बसतात. पहिली गोल पोटाची, चार टन वजनाची असून तिच्या आत ४० अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे. दुसरी इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तळाची, अडीच टनांची आहे आणि तिच्या मागे शंभर-शंभर अश्वशक्तीची दोन पेट्रोल आउटबोर्ड इंजिने लावलेली आहेत. दोघांचेही बोलणे इंजिनापासून सुरू होते, आणि माझ्या मते गफलत तिथेच होते. आधी तळ ठरवावा, इंजिन त्याच्या मागून येते.

गोल पोटाची बोट पाणी बाजूला सारत चालते. तिच्या चालण्याने उठणारी लाट वेगाबरोबर लांबत जाते आणि लाटेची लांबी बोटीच्या पाण्यातल्या लांबीइतकी झाली की बोट स्वतःच उठवलेल्या दोन उंचवट्यांमध्ये अडकते. पाण्यातली लांबी ८.४ मीटर धरली तर हा वेग सुमारे ७ नॉट, म्हणजे तासाला ७ सागरी मैल, येतो. त्यापुढे आणखी एक नॉट मिळवायचा तर शक्ती दीडपटीहून अधिक लागते. म्हणून या बोटीला ८० अश्वशक्तीचे इंजिन बसवण्याचा सल्ला कोणी दिला तर तो नम्रपणे नाकारावा, कारण त्यातून धूर आणि बिल वाढेल, वेग फारसा वाढणार नाही. व्ही तळाची बोट मात्र पुरेसा जोर मिळाला की पाण्यावर चढते आणि घसरत चालते. २२ नॉट तिला सहज जमतात, पण त्यासाठी वजन कमी राहणे ही अट आहे. बारा माणसे म्हणजे सुमारे ८४० किलो, म्हणजे अडीच टनांच्या बोटीवर एक तृतीयांश भर. चार टनांच्या संथ बोटीला तोच भार फारसा जाणवत नाही.

इंधनाचा माझा ढोबळ हिशेब असा आहे. पहिली बोट ७ नॉटला तासाला पाच लिटरच्या आसपास डिझेल घेईल, म्हणजे सागरी मैलाला पाऊण लिटर. दुसरी २२ नॉटला तासाला चाळीसेक लिटर पेट्रोल घेईल, म्हणजे मैलाला १.८ लिटर. दहा मैलांच्या फेरीला एकीला साडेसात लिटर आणि जवळपास दीड तास लागेल, तर दुसरीला अठरा लिटर आणि अर्ध्या तासापेक्षा कमी वेळ. डॉल्फिन पाहायला आलेल्या पाहुण्याला अर्ध्या तासात परत आणून सोडले तर तो खूश होईल का, हा प्रश्न मात्र यजमानांनीच स्वतःला विचारावा.

खरा फरक दुपारी दिसतो. हिवाळा सरल्यावर दुपारी वायव्येकडून वारा सुटतो आणि किनाऱ्यालगत आखूड, उभ्या लाटा उठतात. अशा वेळी वेगवान बोटीचा तळ लाटेवर आपटू लागतो, हाताने धरलेली बाटलीही निसटते आणि तांडेलाला वेग दहा-बारा नॉटवर आणावा लागतो. त्या वेगाला ती धड तरंगत नाही आणि धड घसरतही नाही. नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर आणि पिछाडी पाण्यात रुतलेली, अशा अवस्थेत ती मैलामागे सर्वाधिक इंधन पिते. आउटबोर्ड अगदी मागे टांगलेला असल्याने बोट पुढे झुकली की पंखा पाण्याबाहेर येऊन रिकामा भिरभिरतो, तो त्रास वेगळाच. इनबोर्डचा, म्हणजे आत बसवलेल्या इंजिनाचा, मोठा, संथ फिरणारा पंखा बोटीखाली आत असल्यामुळे पाण्यातच राहतो. तरीही वेगवानच घ्यायची असेल तर पिछाडीच्या तळाशी कोनमापक लावून, तळाची बाजू आडव्या रेषेपासून किती अंश वर चढते ते पाहावे. १२ अंशांचा तळ कमी शक्तीत बोट उचलतो पण आपटतो, २०-२२ अंशांचा लाट कापतो पण त्याला जास्त शक्ती लागते.

संथ बोटीचे दोषही सांगितले पाहिजेत. उभी असताना ती डोलते आणि नाशिकहून आलेल्या पाहुण्याचे पोट तिथेच ढवळते. तळाशी दोन्ही बाजूंना पट्ट्या बसवल्या तर हे डोलणे कमी होते. सुवर्णदुर्गाच्या पुळणीला लागायचे तर आउटबोर्ड वर उचलता येतो, संथ बोटीचा इंजिनाच्या दांड्यावर बसवलेला पंखा उचलता येत नाही. उलट, मासेमारीमुळे बंदरात डिझेलचा मिस्त्री सापडतोच, तर आउटबोर्ड बिघडला की तो उतरवून टेंपोत घालून शहरात न्यावा लागतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते आणि बोटीच्या तळाशी साचते, हीदेखील लहान बाब नव्हे.

आता चाचणीविषयी. या दांपत्याने वेगवान बोट गंगापूर धरणावर सकाळी चालवून पाहिली, बाकावरचा पाण्याचा पेला हललासुद्धा नाही, आणि तेवढ्यावर मन जवळजवळ ठरले. तिथे लाट नाही हे तर उघडच आहे. शिवाय नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच असल्याने टर्बो नसलेले इंजिन तिथे पाच-सहा टक्के कमी शक्ती देते. त्या चाचणीवर बेतून पंख्याचा पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकेल ते ठरवणारा पात्यांचा पीळ, निवडला तर समुद्रावर तो कमी पडतो आणि इंजिन ठरलेल्या आवर्तनांच्या वर पळते. गोड्या पाण्यात बोट अडीच टक्के जास्त पाणी सारते, तेवढा फरक सोडून देता येईल. गंज रोखण्यासाठी लावलेले जस्ताचे तुकडे गोड्या पाण्यात काम करत नाहीत आणि खाऱ्या पाण्यात झिजत जातात, त्यामुळे धरणावर वापरलेल्या बोटीचे कोरे तुकडे पाहून काहीच निष्कर्ष काढू नये.

माझे मत संथ डिझेल बोटीकडे झुकते, कारण फेऱ्या जवळच्या आहेत आणि भार पूर्ण आहे. पुढे दाभोळपर्यंतच्या सहली करायच्या असतील तर मी हे मत बदलीन. दोन्ही विक्रेत्यांना एकच अट घालावी: एप्रिलमधल्या एखाद्या दुपारी तीन वाजता, हर्णे बंदराबाहेर, सत्तर किलोची बारा वाळूची पोती बाकांवर ठेवून तासभर बोट चालवून दाखवावी, आणि निघताना व परतल्यावर टाकी आपल्यासमोर मोजावी.