अंतर्गत समितीचे प्रशिक्षण : सेवा घेण्याजोगी, पत्रक बदलण्याजोगे

अक्कलकोट रोड एमआयडीसीतील आमच्या टॉवेल कारखान्यात, लैंगिक छळाच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या अंतर्गत समितीच्या सदस्यांसाठी एका खासगी संस्थेकडून नुकतेच प्रशिक्षण घेतले. दहा किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक आस्थापनेवर २०१३ च्या लैंगिक छळ प्रतिबंधक कायद्याने ही समिती बंधनकारक केली आहे. तरीही अनेक ठिकाणी ती फलकावरच्या नावांपुरतीच असते, म्हणून अशी सेवा सोलापुरातच मिळू लागली याचे मला समाधान वाटते.

"रजा नाकारली म्हणून एखादीने तक्रार ठोकली तर?" हा प्रश्न सुपरवायझर मंडळींनी सुरुवातीलाच विचारला. प्रशिक्षण देणाऱ्या वकीलबाईंनी त्याला बगल दिली नाही. त्यांनी एक काल्पनिक प्रकरण दिले : रात्रपाळी, गोदाम, साक्षीदार नाही, कॅमेरा नाही. निष्कर्ष लिहा म्हटल्यावर बहुतेकांनी "तक्रार खोटी" असे लिहिले. बाईंनी ते प्रत्येकाला स्वतःच्या हाताने खोडायला लावून "आरोप सिद्ध होऊ शकला नाही" असे लिहवून घेतले आणि कलम १४ वाचून दाखवले. पुरावा अपुरा पडला एवढ्यावरून तक्रारदार महिलेवर कारवाई करता येत नाही. तिचा दुष्ट हेतू चौकशीअंती सिद्ध व्हावा लागतो. ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही तक्रारीची प्रत सात कामकाजी दिवसांत मिळाली पाहिजे, त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे आणि नावांची वाच्यता होता कामा नये, हेही त्यांनी तितक्याच ठामपणे सांगितले. निर्दोष माणसाला खरे संरक्षण अशा नीट चौकशीतूनच मिळते, असे माझे मत आहे.

कामगारांसाठी दिलेल्या पत्रकाने मात्र निराशा केली. "खोटी तक्रार केल्यास कारवाई होईल" ही ओळ सर्वांत वर, ठळक अक्षरांत. तक्रारीची तीन महिन्यांची मुदत तळाशी, बारीक टाइपात. लिहिता न येणाऱ्या महिलेला तक्रार लिहून देण्यास मदत करणे हे समितीचेच काम आहे, याचा तर उल्लेखच नाही. शिवणयंत्रावरच्या आमच्या कित्येक जणी घरी तेलुगू बोलतात, त्यांच्यासाठी वेगळी प्रत नाही. पहिलीच ओळ धमकीची वाचल्यावर कोणती बाई पुढे येईल?

आम्ही ते पत्रक वाटले नाही. ही सेवा घेणाऱ्यांनी पत्रकाचा मसुदा आधी मागवून तपासावा. प्रशिक्षण मात्र सुपरवायझर, मुकादमांसह सर्वांना जरूर द्यावे.