दुसरी सिस्टिम काढताना : फॉरमॅट मारायचा की नुसतं उबुंटू काढायचं?

माझ्याकडे दोन मशिन. सांगलीच्या ऑफिसात डेस्कटॉप, विश्रामबागच्या घरी लॅपटॉप. भाचा इंजिनिअरिंगला होता तेव्हा त्याने दोन्हीवर विंडोजच्या शेजारी उबुंटू (लिनक्स घराण्यातली दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम) टाकलं. पुढे तो नोकरीला पुण्याला गेला आणि ते वापरणारं कोणी उरलं नाही. डेस्कटॉप मी दुकानात नेऊन फॉरमॅट करून घेतला, म्हणजे जुनं पुसून विंडोज नव्याने टाकून घेतलं. लॅपटॉपवरचं उबुंटू नंतर घरी बसून हाताने काढलं. ज्यांचं अजून ठरत नाही त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी तिसरा पर्याय, तो म्हणजे काहीच न काढणं. जागेची अडचण नसेल तर तेही चालतं. पण आमच्याकडे लाईट गेली-आली की डेस्कटॉप आपोआप उबुंटूतच उघडायचा, कारण चालू होतानाच्या मेनूत पहिलं नाव त्याचं. टायपिंगला बसणारी मुलगी तो बंद करून विंडोज लावायची आणि घड्याळ साडेपाच तास मागे गेलेलं असायचं. लिनक्स मशिनच्या आतल्या घड्याळात यूटीसी वेळ (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) ठेवतं, विंडोज तीच आपली स्थानिक वेळ समजतं. सकाळी ११ वाजता फायलीवर पहाटेचे साडेपाच. माझं काम दस्तांचं, तारीख-वेळ चुकलेली मला परवडत नाही. म्हणून काढायचं ठरलं.

फॉरमॅटच्या बाजूने बोलायचं तर ती वाट सोपी आहे. मशिन द्यायचं, संध्याकाळी घेऊन यायचं. जुना कचरा जातो, मशिन हलकं वाटतं, आपल्याला एकही कमांड शिकावी लागत नाही. बॅकअपची मला धास्ती नव्हती. २०१९ च्या महापुरात खालच्या मजल्यावरचं कागदांचं कपाट गेलं, तेव्हापासून सगळ्या फायली मी दोन वेगळ्या ठिकाणी ठेवतो. त्यामुळे दुकानात "डेटा घेतलाय ना साहेब?" असं विचारलं तेव्हा मी बिनधास्त हो म्हणालो.

ऑफिसात येऊन पहिली फाईल उघडली. एक जुनं हक्कसोडपत्र होतं. ‘लिहून देणार’, ‘लिहून घेणार’, गट नंबर, चतुःसीमा, सगळ्याच्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं. माझे पंधरा वर्षांचे मसुदे युनिकोडच्या (सगळ्या मशिनवर चालणाऱ्या अक्षरसंकेतांच्या) आधीच्या मराठी फॉन्टमध्ये आहेत. त्या फायलींत खरं तर रोमन अक्षरांचेच संकेत साठवलेले असतात, फॉन्ट त्यांना देवनागरीचं रूप देतो. फॉन्ट नसेल तर मजकूर असूनही वाचता येत नाही. आणि फॉन्ट असतात विंडोजच्या फोल्डरात. मी डॉक्युमेंट्स जपले होते, फॉन्ट नाही.

त्याच घराण्यातला दुसरा फॉन्ट मिळवून टाकला, तर साधी अक्षरं आली पण जोडाक्षरं मोडली. ‘क्षेत्र’ आणि ‘हस्ते’ हे शब्द प्रत्येक पानावर तुटलेले. दस्तात असं चालत नाही, एका अक्षराने नाव बदलतं. कीबोर्डची मांडणीही गेली होती. हाताला टाइपरायटरची सवय, आणि फॉरमॅटनंतरच्या विंडोजमध्ये मराठीसाठी बटणं सगळी वेगळी. जुनी सीडी सापडून, फॉन्ट बसून, प्रिंटरला लीगल कागदाचं माप सांगून गाडी रुळावर यायला चार दिवस गेले. त्या चार दिवसांत दोन पक्षकारांना मी तारीख पुढे ढकलायला लावली. ते मला फार लागलं.

शिवाय उबुंटू गेलंच नव्हतं. फॉरमॅट फक्त सी ड्राइव्हचा झाला होता. डिस्कचे भाग दाखवणाऱ्या विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिलं तर ६० जीबीचा तुकडा तसाच, नाव नाही, ड्राइव्हचं अक्षर नाही. मेनू गेला, जागा अडकलेली राहिली. सगळ्याच दुकानांत असं होत असेल असं म्हणत नाही, पण फॉरमॅटला देताना ‘सगळी पार्टिशन (डिस्कचे तुकडे) काढा’ हे तोंडाने सांगावं लागतं.

लॅपटॉपच्या वेळी म्हणून मी भाच्याला फोन लावला. "मामा, आधी बूट ऑर्डर बदला. विंडोज दोनदा सरळ चालू होऊ द्या. मगच पार्टिशनला हात लावा," एवढंच त्याने बजावलं. बूट ऑर्डर म्हणजे मशिन चालू होताना आधी कोणती सिस्टिम उघडायची ती यादी. हाताने काढण्यात मुख्य गोष्ट कामांचा हा क्रमच. क्रम उलटा झाला की काळ्या पडद्यावर ‘ग्रब’ (उबुंटूसोबत आलेला, सिस्टिम निवडायचा मेनू दाखवणारा प्रोग्राम) किंवा ‘ग्रब रेस्क्यू’ अशी अक्षरं येतात आणि माणूस घाबरतो. डेटा तेव्हाही जागेवरच असतो. फक्त विंडोजकडे नेणारा ग्रब आपला उरलेला भाग शोधत बसतो, आणि तो भाग आपणच पुसलेला असतो.

आपलं मशिन कुठल्या प्रकारचं हे मात्र आधी बघा. सिस्टिम इन्फॉर्मेशनमध्ये ‘बायोस मोड’पुढे यूईएफआय (मशिन सुरू होण्याची नवी पद्धत) लिहिलं असेल तर काम हलकं. मशिन चालू होताना उघडणाऱ्या सेटअपमध्ये विंडोज बूट मॅनेजर (विंडोज सुरू करणारा भाग) यादीत वर घ्यायचा, झालं. तिथे लेगसी (जुनी पद्धत) असेल तर ग्रब डिस्कच्या पहिल्याच सेक्टरमध्ये बसलेला असतो. मग विंडोजच्या पेन ड्राइव्हवरून दुरुस्तीत जाऊन बूटरेकची फिक्सएमबीआर कमांड (bootrec /fixmbr) आधी द्यावी लागते. लॅपटॉपवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लागणारं कुलूप) चालू असेल तर तो थोडा वेळ स्थगित करा आणि रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. बूटमधला बदल दिसला की तो ४८ आकडी की मागू शकतो.

पुढचं काम अर्ध्या तासाचं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये उबुंटूचे तुकडे आकारावरून ओळखायचे आणि डिलीट करायचे. १०० एमबीच्या आसपासच्या ईएफआय पार्टिशनला हात लावायचा नाही, विंडोजही तिथूनच सुरू होतं. मोकळी झालेली जागा सी ड्राइव्हला लगेच उजवीकडे लागून असेल तरच ‘एक्स्टेंड व्हॉल्यूम’ उघडतं. मध्ये विंडोजच्या दुरुस्तीसाठीचा रिकव्हरीचा तुकडा आला तर ते फिकट दिसतं. तेव्हा ओढाताण करू नये, त्या जागेचा वेगळा ड्राइव्ह करावा. मी तसाच केला आणि त्यात पहिली गोष्ट ठेवली ती फॉन्टच्या फोल्डरची प्रत.

मशिन विकायचं असेल, व्हायरसने पोखरलं असेल किंवा जुनी हार्ड डिस्क बदलून एसएसडी टाकायचीच असेल, तर फॉरमॅटच बरा. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, त्यामुळे बरेच जण तसेही नव्याने टाकत आहेत. पण मशिनवर मराठीचं रोजचं काम असेल, तर एका संध्याकाळी शांतपणे बसून नुसतं उबुंटू काढणं मला तरी जास्त सुखाचं वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी लॅपटॉप उघडला तेव्हा अर्धवट राहिलेलं बक्षीसपत्र मी सोडलं होतं त्याच ओळीवर होतं, आणि अक्षर न् अक्षर वाचता येत होतं.

लॅपटॉपच्या बूट यादीत ‘उबुंटू’ हे नाव अजून दिसतं. त्याचं छोटं फोल्डर ईएफआय पार्टिशनमध्ये आहे, ते कमांडने काढता येतं. माझं काही अडत नाही, म्हणून मी ते तसंच ठेवलंय.