लोनवरच्या पोरांचा हिशोब ठेवणारं अ‍ॅप, पूर्ण सीझन वापरून

अ‍ॅपचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, खाली बऱ्यापैकी शिव्या घातल्यात आणि उगाच कोणाशी वाद नकोय. फुटबॉल स्कोअरचं नेहमीचं अ‍ॅप आहे, फुकटात स्कोअर दिसतात आणि पैसे भरले की 'लोन ट्रॅकर' उघडतो (लोन म्हणजे क्लबने आपला खेळाडू काही काळासाठी दुसऱ्या क्लबला उसना देणं), मी तेवढ्यासाठीच पैसे भरले. कारण आमच्या क्लबचा एक विशीतला मिडफिल्डर लोनवर गेलाय (नाव घेत नाही, मागच्या वेळी कौतुक केलं आणि पुढच्याच आठवड्यात हॅमस्ट्रिंगची दुखापत, नजर लागते हो) आणि तो ज्या लीगमध्ये गेलाय तिथल्या मॅचेस धड कुठे दिसत नाहीत, त्यामुळे पोरगं खेळतंय की बेंच गरम करतंय हे कळायला काहीतरी हवंच होतं.

पहिल्यांदा चांगलं सांगतो. मिनिटांचा चार्ट. प्रत्येक मॅचचा एक उभा बार, सुरुवातीपासून खेळला तर निळा, नंतर आला तर पिवळा, बेंचवरच राहिला तर रिकामी चौकट, बस. इतकं साधं आहे पण कोचच्या मनात काय चाललंय ते त्यात सरळ वाचता येतं, आधी शेवटची १० मिनिटं, मग एकदा कोणीतरी जखमी झाला म्हणून अर्धा तास, मग एक स्टार्ट, मग परत दोन मॅच रिकाम्या, आणि मग अचानक चार निळे बार ओळीने, म्हणजे समजायचं की आता जागा पक्की झाली. गोल-असिस्ट बघून हे कळत नाही. जुने सीझनही उघडता येतात, मी फ्रेंच डिफेंडर सालिबाचा २०२१-२२ चा मार्सेलचा चार्ट काढून बघितला तर अक्षरशः भिंत आहे, सगळ्या स्पर्धा धरून ५२ मॅच. आर्सेनलने २०१९ मध्ये घेतलेला पोरगा, तोपर्यंत त्यांच्या सीनियर टीमकडून एक ऑफिशियल मॅच नाही, सेंट एतिएन, नीस, मार्सेल असं तीन ठिकाणी लोनवर फिरवला, आणि मार्च २०२२ मध्ये फ्रान्सकडून पहिली मॅच कुठे खेळला तर मार्सेलच्याच वेलोड्रोम स्टेडियमवर! त्या चार्टकडे बघितलं की वाटतं फ्रान्सचे कोच देशाँनी बोलावलं यात नवल काहीच नाही.

आता रेटिंग. १० पैकी आकडा देतात आणि तो मला तरी निव्वळ टाइमपास वाटतो. ८० व्या मिनिटाला येऊन बाजूबाजूला पास दिले की ७ च्या आसपास मिळतात आणि ९० मिनिटं माणसाला चिकटून डिफेन्स केला तर साडेसहा. आमच्या पोराला एका मॅचमध्ये ६.२ दिले, हायलाइट्स शोधून बघितले तर समोरच्या टीमचा प्लेमेकर पूर्ण वेळ याच्या खिशात होता. पण लोक हाच आकडा नाचवतात ना, 'याला नॅशनल टीममध्ये घ्याच' आणि 'हा संपला', दोन्हीला पुरावा तोच.

खरा राग आहे तो 'कॉल-अप चान्स' नावाच्या मीटरवर. सगळ्यात जास्त जाहिरात याचीच करतात. पुढच्या इंटरनॅशनल ब्रेकला (क्लबच्या मॅचेस थांबून देशांच्या मॅचेस होतात तेव्हा) नॅशनल टीममध्ये सिलेक्शन व्हायची शक्यता टक्क्यांत दाखवतो, आणि काय धरून काढतो तर बहुतेक रेटिंगच, कारण एक चांगली मॅच झाली की लगेच वर उडतो. सिलेक्शन असं होतं का राव? मेसन माउंट २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये डर्बीला लोनवर असताना, म्हणजे सेकंड डिव्हिजनमध्ये, इंग्लंडच्या स्क्वॉडमध्ये आला, पण प्रत्यक्ष कॅप, म्हणजे देशाकडून पहिली मॅच, मिळाली पुढच्या सप्टेंबरमध्ये, चेल्सीत परत जाऊन तिथे खेळायला लागल्यावर. ब्राहिम दियाझचं तर अजून भारी, मिलानला लोनवर होता, जून २०२१ मध्ये स्पेनच्या सीनियर टीममध्ये कोविड शिरला म्हणून लिथुआनियाविरुद्ध अंडर-२१ ची पोरं उतरवली, त्यात हा खेळला आणि गोलही केला. ती त्याची स्पेनकडून एकमेव सीनियर मॅच. २०२४ मध्ये मोरोक्कोकडून खेळायला लागला. हे कुठला मीटर सांगणार होता? मीटरला एवढंही कळत नाही की त्या जागेवर देशात आधीच चार जण रांगेत उभे आहेत. लेफ्ट बॅकचा दुष्काळ असलेल्या देशात सुमार लेफ्ट बॅकलाही बोलावणं येतं, आणि मिडफिल्डर म्हणाल तर ढिगाने पडलेत.

अजून एक डोकेदुखी. मूळ क्लबविरुद्धच्या मॅचेस. प्रीमियर लीगमध्ये लोनवरचा खेळाडू आपल्या मूळ क्लबविरुद्ध खेळूच शकत नाही, नियमच आहे, पण अ‍ॅप तिथे नुसती रिकामी चौकट दाखवतं, जणू कोचने बाहेर बसवला. चेल्सीने लोनवर दिलेल्या गॅलाघरचा क्रिस्टल पॅलेसचा सीझन उघडा (तोही २०२१-२२ च), चेल्सीविरुद्ध लीगच्या दोन्ही मॅच नाहीत, एफए कपच्या सेमीफायनललाही चेल्सीने परवानगी दिली नाही, आणि हा गडी त्या वर्षी पॅलेसचा प्लेअर ऑफ द सीझन आहे, इंग्लंडकडून डेब्यूही त्याच नोव्हेंबरमध्ये सॅन मरिनोविरुद्ध. ज्याला नियम माहीत नाही तो म्हणणार मोठ्या मॅचला याला बसवतात. एक वेगळा रंग द्यायला काय जातं?

बाकी किरकोळ: नोटिफिकेशन उशिरा येतात, अंडर-२१ च्या मॅचेस अर्ध्या गायब. लोनची लिस्ट मात्र पूर्ण असते आणि ती लांबलचक आहे, कारण फिफाने जुलै २०२४ पासून दोन देशांतल्या क्लबमधले लोन प्रत्येक क्लबला सहा आत-सहा बाहेर असे बांधले तरी २१ पर्यंतची क्लबमध्ये तयार झालेली पोरं त्या मोजणीत धरत नाहीत, सो क्लब पाठवतातच आहेत.

आणि चार्टचीही एक मर्यादा आहे, ती माझ्यासारख्या चार्टवेड्याने मान्य करायला हवी. हॅरी केनची लोनची वर्षं बघा, ओरिएंट, मिलवॉल, नॉर्विच, लेस्टर. नॉर्विचला पायाचं हाड मोडलं, लेस्टरला बराच वेळ बेंचवर. लेस्टरचे बार बघून कोणी म्हटलं असतं का की मार्च २०१५ मध्ये हा इंग्लंडकडून पहिल्याच मॅचमध्ये मैदानात उतरल्यावर ७९ सेकंदांत गोल मारेल म्हणून.

५ पैकी ३ स्टार, तिन्ही चार्टचे. ऑटो-रिन्यू बंद करून ठेवलंय, तो ऑप्शन सेटिंग्जमध्ये चार पायऱ्या आत लपवलाय त्याचा अर्धा स्टार खरंतर कापायला हवा होता. तरी पुढच्या सीझनला परत घेईन बहुतेक, कारण आमच्या पोराचे शेवटचे सहा बार निळे आहेत, मीटर ११ टक्के म्हणतोय, आणि अंडर-२१ चा स्क्वॉड पुढच्या आठवड्यात जाहीर होतोय.