अलंकारांची कार्डं: घ्या, फक्त दृष्टान्ताचं एक कार्ड आधी दुरुस्त करा

भाची यंदा दहावीला आहे आणि व्याकरणात अलंकार आले की तिचा चेहराच उतरतो, म्हणून पुण्याला गेले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकातून हा संच आणला. ६० कार्डं, १८० रुपये. पुढच्या बाजूला ओळ, मागे अलंकाराचं नाव आणि तो तोच का ते दोन वाक्यांत. महिनाभर रोज रात्री जेवणं आवरली की आम्ही दोघी घेऊन बसतोय.

आमच्या वेळी सरळ पाठ करायला लावायचे, सारखा, सम, परी दिसलं की उपमा, जणू, गमे, भासे दिसलं की उत्प्रेक्षा, आणि असा शब्दच नसला की मग अडलं सगळं. ही कार्डं विचारतात की उपमेयाचं, म्हणजे ज्याचं वर्णन चाललंय त्याचं, काय केलंय ते बघ. आम्ही तेच भाकरीवर करून पाहिलं. भाकरी चंद्रासारखी, ही उपमा. भाकरी म्हणजे जणू पुनवेचा चंद्रच, उत्प्रेक्षा. ताटात भाकरीचा चंद्र उगवला, इथे दोन्ही एकच झाले म्हणून रूपक. ही भाकरी नव्हेच हा चंद्र, उपमेय चक्क नाकारलं म्हणजे अपन्हुती. चंद्राहून देखणी भाकरी, व्यतिरेक. अनन्वयाला भाचीनंच वाक्य केलं, "आजीच्या भाकरीसारखी आजीचीच भाकरी", आणि आई आत ओट्यापाशी ते ऐकत होती!

श्लेषाचं कार्डही छान आहे, मेघ सर्वांना जीवन देतो, त्यात जीवन म्हणजे पाणीसुद्धा हे तिला माहीतच नव्हतं. शब्दाचा अर्थ मागे दिलाय हे फार बरं केलं, नाहीतर पोरांना श्लेष दिसणार कसा?

आता चूक. 'कठीण समय येता कोण कामास येतो' हे दृष्टान्तात घातलंय. तो अर्थान्तरन्यास आहे हो! रघुनाथ पंडितांच्या आख्यानात नळ राजा हंसाला पकडतो, बाकीचे पक्षी भिऊन उडून जातात, त्या एका प्रसंगावरून कवी सगळ्या जगाला लागू होणारं विधान करतो. दृष्टान्तात नुसता दाखला असतो, तुकोबांच्या 'लहानपण देगा देवा'मध्ये ऐरावताला अंकुशाचा मार बसतो तसा. परीक्षेत मुलांचा मार्क जाईल अशानं, म्हणून दुकानात फोन करून सांगितलंय, पुढच्या छपाईत बदलायला कळवतो म्हणाले. तोवर मी पेनानं खोडून वर बरोबर नाव लिहिलंय, तुम्हीपण लिहा.

कागद पातळ आहे, कोपरे आत्ताच दुमडलेत. चेतनगुणोक्तीला एकच कार्ड, ससंदेह आणि भ्रान्तिमान नाहीतच, त्यामुळे एमपीएससीवाल्यांना हा संच पुरणार नाही. दहावीला मात्र नक्की घ्या. ५ पैकी ४.